आण्णा मॅक्स्ड आउट झालेत

धायरी, ४ ऑगस्ट २०२५

आदरणीय बाईंना,
मुक्ताचा नमस्कार.

मी मुक्ता थोपटे, १९९८ची दहावी ब, खिडकीकडचा शेवटचा बाक. आता पोकळे. तुम्हाला मी आठवत नसेन, पण आण्णा नक्की आठवतील. मंडईत आलं-लिंबं-मिरची घेऊन बसणारे बापूराव. तुम्ही त्यांच्याकडेच यायचात आणि मी इंग्रजीत किती मार्कांनी नापास झाले ते अख्ख्या मंडईला ऐकू जाईल असं सांगायचात.

तुम्हाला फोन केला होता. तुमच्या शेजारच्या काकूंनी उचलला. म्हणाल्या, बाईंना आता फोनवरचं ऐकू येत नाही, काय असेल ते लिहून पाठवा, पत्राला उत्तर देतात. म्हणून लिहितेय.

एप्रिलमध्ये आण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. तेव्हापासून ते माझ्याकडे धायरीला आहेत. एका ट्रस्टच्या उपचार केंद्रात त्यांना आठवड्यातून तीनदा न्यायचो. माझा भाऊ आनंद न्यायचा, कारण मी कात्रजला पॅकिंगच्या कामाला जाते आणि तिथे रजा म्हटलं की तोंडं वाकडी होतात. केंद्रात बोलण्याचा आणि हाताचा व्यायाम घ्यायचे. दहा-बारा शब्द यायला लागले होते. "चहा", "नको", "चल", आणि त्यांच्या जावयाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बघून एक शिवी. ती अगदी स्वच्छ.

गेल्या आठवड्यात केंद्राने शेवटचा कागद दिला. कागद आनंदकडे आहे. त्याने फोनवर सांगितलं, "ताई, आण्णा मॅक्स्ड आउट झालेत असं लिहिलंय." मोबाइलमध्ये टाकून बघितलं तर "कमाल बाहेर" असं आलं. माणूस मॅक्स्ड आउट झाला म्हणजे काय हो बाई? तुमच्या पुस्तकात हा शब्द नव्हता.

आपली विद्यार्थिनी,
मुक्ता


शुक्रवार पेठ, ९ ऑगस्ट २०२५

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

धायरीहून शुक्रवार पेठेत यायला तुझ्या पत्राला चार दिवस लागले. चालत निघालं असतं तर त्याच संध्याकाळी पोचलं असतं.

बापूरावांचं वाचून वाईट वाटलं. मंडईत दोन-तीनदा गेले तेव्हा त्यांची जागा रिकामी दिसली. मला वाटलं, गावी गेले असतील. विचारायला हवं होतं.

आता तुझा शब्द. पुस्तकात नव्हता कारण तो पुस्तकात घ्यायच्या लायकीचाच नाही. मॅक्स म्हणजे मॅक्सिमम, कमाल मर्यादा. त्याचं ओढूनताणून क्रियापद केलं आणि मागे आउट जोडला. इंग्रजीत हा आउट बऱ्याचदा "पार शेवटापर्यंत" असं सांगतो. वेअर आउट म्हणजे झिजून संपणं, रन आउट म्हणजे साठा संपणं. आपल्याकडे आउट म्हटलं की लोक पॅव्हेलियनकडे बघायला लागतात, तो भाग वेगळा. तेव्हा मॅक्स आउट म्हणजे मर्यादा गाठणं. फोनमधली जागा भरली, पंखा पाचवर फिरला, की झाला मॅक्स आउट. माणसाबद्दल म्हटलं असेल तर अर्थ एवढाच, की त्याच्याकडून व्हायचं तेवढं झालं, आता पुढे काही नाही. अर्थाबद्दल शंका ठेवू नकोस.

मला राग आलाय तो वेगळ्याच गोष्टीचा. हा शब्द मित्रामित्रांत, चहाच्या टपरीवर बोलायचा आहे. तो रुग्णाच्या कागदावर लिहितात? साठी उलटलेल्या माणसाबद्दल? "अधिक सुधारणेची शक्यता कमी" असं लिहायला हात दुखतो का यांचा? आम्ही चाळीस वर्षं मुलींना शिकवलं, की कोणता शब्द कुठे वापरायचा हेसुद्धा अर्थाइतकंच महत्त्वाचं असतं. कुणासाठी शिकवलं कोण जाणे.

बापूरावांना माझा नमस्कार सांग.

कुसुम केतकर


धायरी, २९ ऑगस्ट

आदरणीय बाईंना नमस्कार.

पत्र मिळालं. आनंदलाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, बाई सांगतात म्हणजे तसंच असणार.

मग आम्ही आण्णांचं सगळं बंद केलं. केंद्रात जाणं आधीच थांबलं होतं, आता घरातला चेंडू दाबायचा व्यायाम आणि चित्रांची वहीसुद्धा ठेवून दिली. उगाच म्हाताऱ्या माणसाला कशाला ताण द्यायचा, असं सगळ्यांचं मत पडलं. मंडईतली जागा आनंदने आमच्या चुलतभावाला, बद्रीनाथला बसायला दिली. रिकामी ठेवली तर दुसरंच कुणीतरी टोपली मांडेल.

आण्णा आता काही बोलत नाहीत. आधीचे शब्दही नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडतात. जेवण भरवलं तर जेवतात. आपणच समजून घ्यायचं.

तुम्ही लगेच उत्तर दिलंत म्हणून आभारी आहे.

मुक्ता


शुक्रवार पेठ, ४ सप्टेंबर

मुक्ता,

तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलंय. बाहेर मिरवणुकीच्या तयारीचे ढोल चाललेत असं शेजारच्या काकू खुणांनी सांगतात. या दहा दिवसांत बहिरं असण्यासारखं सुख नाही. पण तुझ्या पत्राने ते सुखही घालवलं.

चेंडू आणि वही बंद करायला कुणी सांगितलं? मी? मी एका शब्दाचा अर्थ सांगितला होता. औषधाची चिठ्ठी लिहून दिली नव्हती! बारा शब्द बोलणारा माणूस एकही बोलेनासा झाला आणि तू मला लिहितेस, "आपणच समजून घ्यायचं". काय समजून घ्यायचं?

आणि त्या केंद्रातले दिवटे! तीन-साडेतीन महिन्यांत माणूस संपला असा निकाल देतात, तोही अशा चावट भाषेत. मी त्यांच्या विश्वस्तांना लिहिणार आहे. इंग्रजीत लिहिणार आहे, म्हणजे त्यांना इंग्रजी कशी असते तेही एकदा बघायला मिळेल. त्यासाठी मला तो कागद हवा. झेरॉक्स पाठव. आनंद देत नसेल तर भांडून घे. त्याने सांगितलेलं चालणार नाही. वाक्य जसं आहे तसं, पूर्ण हवं.

कुसुम केतकर


धायरी, ११ सप्टेंबर

आदरणीय बाईंना नमस्कार.

झेरॉक्स सोबत जोडली आहे. भांडूनच घेतली. आनंद म्हणाला, "झालं गेलं, आता कागद कशाला उकरतेस?" मी म्हटलं, बाईंना पाहिजे. तेव्हा दिला.

अक्षर डॉक्टरी आहे. मी खाली मराठी अक्षरांत उतरवते, म्हणजे मला नीट वाचता आलं की नाही ते तुम्हाला कळेल.

"पेशंट मोटिव्हेटेड. स्पीच अँड ग्रिप इम्प्रूव्हिंग. मॅक्स्ड आउट ऑन सेशन्स हिअर." मग सी, ओ, एन, टी आणि टिंब. मग मोठे एच, ई, पी. त्याचा अर्थ लागला नाही. खाली सही, ओवी आणि पुढे काहीतरी.

बाई, मला एक विचारायचंय. इम्प्रूव्हिंग म्हणजे सुधारतंय, एवढं मला येतं. मग सुधारतंय आणि संपलं हे दोन्ही एका दमात कसं लिहिलंय?

मुक्ता


शुक्रवार पेठ, १६ सप्टेंबर

मुक्ता,

तुझा प्रश्न अगदी बरोबर होता. तो मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

मॅक्स्ड आउट ऑन सेशन्स. तो ऑन बघ. मर्यादा कशाची गाठली ते या ऑनच्या पुढे लिहिलेलं असतं. इथे सेशन्स लिहिलंय. या केंद्रात मिळायच्या तेवढ्या वेळा मिळून झाल्या, एवढंच ते वाक्य सांगतं. संपल्या त्या खेपा. बापूराव संपलेले नाहीत. आनंदने फोनवर "आण्णा मॅक्स्ड आउट झालेत" असं सांगितलं तेव्हा अर्धं वाक्य गळून पडलं, आणि चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईने त्या अर्ध्या वाक्याचा अर्थ छातीठोकपणे लिहून पाठवला. वर "शंका ठेवू नकोस" अशी ताकीद दिली. दहावीतल्या मुलीने असं केलं असतं तर मी वही भिरकावली असती.

काल रिक्षा करून त्या केंद्रात गेले. कागद लिहिणारी ओवी ही सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची पोरगी निघाली. मी कागद तिच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हे कुणासाठी लिहिलंय?"

मला ऐकू येत नाही म्हणून तिने पाटीवर लिहून उत्तर दिलं. "पुढच्या थेरपिस्टसाठी."

"पुढचा थेरपिस्ट कोण?"

"ते घरच्यांनी बघायचं असतं. आमच्याकडे एका पेशंटला छत्तीस सेशन्सच मिळतात. ट्रस्टचा नियम आहे. मी त्यांच्या मुलाला सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं? त्याच शब्दांत लिही."

तिने जरा विचार करून लिहिलं, "इथले सेशन्स मॅक्स आउट झालेत, आता एचईपी कंटिन्यू करा."

कागदावरचं सी, ओ, एन, टी म्हणजे कंटिन्यू, चालू ठेवा, आणि एचईपी म्हणजे घरी करायचे व्यायाम, हे तिने मी विचारल्यावर लिहिलं. मी म्हटलं, "बाळ, या वाक्यात कामाचा मराठी शब्द एकच आहे, 'करा'. काय करा ते त्याला कसं कळायचं?"

"ते मान हलवत होते," तिने लिहिलं.

"समोरचा पांढऱ्या कोटात असला की माणसं मान हलवतात. न कळल्याचं कबूल करायची लाज वाटते त्यांना."

मी आवाज चढवला होता म्हणे, कारण बाहेरून दोघंजण आत डोकावले. मला काय कळणार. मग मी तिला सांगितलं, की त्यांचे व्यायाम बंद झालेत आणि शब्दही गेलेत. तिचा चेहरा एकदम उतरला. तिने पाटी खाली ठेवली. मग तिने एक नवा कागद घेतला आणि घरी रोज करायचे व्यायाम मराठीत लिहून काढले, चार पानं. एका कॉलेजच्या दवाखान्यात अशाच उपचारांची सोय आहे, तिथे ती स्वतःही शनिवारी जाते. तिथलं नाव, वार, वेळ, सगळं लिहिलंय. विश्वस्तांना पत्र लिहायचा विचार मी सोडलेला नाही. पण आता त्यात लिहायचं ते वेगळं आहे.

कागद सोबत आहेत. उद्यापासून सुरू करा. चूक माझी आहे. एका ऑनने घात केला.

कुसुम केतकर


धायरी, २१ सप्टेंबर

बाई,

तुम्ही लिहिता, एका ऑनने घात केला. ऑनने नाही केला. तुम्ही केला, आनंदने केला आणि मी केला. तुमच्या पत्रात अजून व्याकरणच चाललंय म्हणून मला लिहावं लागतंय. लहान तोंडी मोठा घास वाटला तर वाटू दे.

मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली नव्हती. ऑगस्टमध्ये तुमचं पत्र आलं ते मी आण्णांच्या खाटेवर बसून मोठ्याने वाचलं. त्यांना बोलता येत नाही. कळतं सगळं. मी कौतुकाने वाचत होते, केतकर बाईंचं पत्र आलंय म्हणून. "त्याच्याकडून व्हायचं तेवढं झालं, आता पुढे काही नाही." वाचलं आणि जीभ चावली. पण तोंडातून गेलेलं परत कसं घेणार? ते माझ्याकडे बघत राहिले. मग कूस बदलली. तेव्हापासून भिंत.

डॉक्टरने सांगितलं असतं तर त्यांनी मानलं नसतं. ते डॉक्टरांना मोजत नाहीत. पण तुम्हाला मानतात. घासाघीस करणाऱ्या बायकांना ते म्हणायचे, "केतकर बाईंना विचारा, एकदा दर सांगितला की सांगितला. त्या तसल्या आणि मीही तसला." अशा माणसाला तुमच्या तोंडून ऐकावं लागलं, की तुझं संपलं.

ओवीताईंचे कागद मिळाले. मी समजावलं, आनंदने हात जोडले. आण्णांनी चेंडू फेकून दिला. वही उघडली की डोळे मिटतात. सहा आठवडे गेलेत. माझं काम झालं असं मला लिहू नका. तुम्ही इथे या. जे बोलून बसलात ते स्वतः येऊन मागे घ्या.

मुक्ता


शुक्रवार पेठ, २७ सप्टेंबर

चि. मुक्ता,

तुझ्या पत्रातला एकही शब्द मोठा नव्हता.

परवा गुरुवारी मी धायरीला येऊन गेले, हे तुझ्या सासूबाईंनी सांगितलंच असेल. तू कामावर असशील हे ठाऊक होतं. मुद्दामच तो दिवस निवडला. तू घरात असतीस तर मी तुझ्याशीच बोलत बसले असते.

बापूरावांनी मला बघितलं आणि तोंड फिरवलं. सासूबाईंनी खुर्ची दिली ती मी खाटेच्या पलीकडे, भिंतीकडच्या बाजूला ओढून घेतली. जागा अरुंद आहे, गुडघे खाटेला टेकत होते. आता त्यांना माझ्याकडेच बघावं लागलं. मी म्हटलं, "बापूराव, मी चुकीचं सांगितलं. कागद न बघता सांगितलं. तुमच्याबद्दल त्या कागदात चांगलं लिहिलंय." मग झेरॉक्स काढली आणि एकेका शब्दाखाली बोट धरून वाचली. मोटिव्हेटेड म्हणजे जिद्दीचा. इम्प्रूव्हिंग म्हणजे सुधारतोय. सगळं सांगितलं.

त्यांनी डाव्या हाताने मला "जा" अशी खूण केली. मी बसून राहिले. पुन्हा खूण केली. मी म्हटलं, "तुम्ही हाकलताय ते रास्त आहे, पण मी चहा घेतल्याशिवाय जाणार नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मुक्ता, ते रडणं नव्हतं. ते चिडले होते. गळ्याच्या शिरा फुगल्या, तोंड वाकडं झालं आणि काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. काय म्हणाले ते त्यांनी मला सांगितलं नाही. जावयाला मिळालेल्या शब्दासारखाच एखादा असावा. मी तो घेतला.

निघताना ओवीचे कागद खाटेवर ठेवले. ते फेकतील असं वाटलं होतं. फेकले नाहीत. पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही, आणि न कळता सांगायचं मी आता बंद केलंय.

तुझी,
कुसुम केतकर


धायरी, ६ डिसेंबर

आदरणीय बाईंना साष्टांग नमस्कार.

मध्ये फार दिवस गेले, माफ करा. कामावरून सुटले की दवाखाना, दवाखान्यातून घर.

तुम्ही येऊन गेल्यावर तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी मी कामावरून आले तर आण्णा बसलेले आणि चित्रांची वही मांडीवर उलटी. दसऱ्यानंतर कॉलेजच्या दवाखान्यात सुरुवात केली. आता आठवड्यातून दोनदा जातो. शनिवारी ओवीताई भेटतात. घरच्यांना काय सांगायचं ते त्या हल्ली मराठीत लिहूनच देतात, आणि आनंदकडून परत म्हणून घेतात. आनंद म्हणतो, "शाळेत घातलंय मला."

हाताचं मात्र विशेष नाही. बोटं अर्धी मिटतात, पेला धरवत नाही. जुलैत धरत होते. ओवीताईंना मी सरळच विचारलं, ते सहा आठवडे गेले नसते तर? त्या म्हणाल्या, सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे असतात, पण त्या सहा आठवड्यांत नेमकं किती झालं असतं ते कुणालाच सांगता येणार नाही. मी घरी येऊन खूप रडले. तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. पण तुमच्यापासून लपवणारही नाही.

बोलणं परत आलंय. पन्नासेक शब्द असतील, कधी दोन-तीन जोडून. गेल्या रविवारी मी तुम्हाला पत्र लिहायला कागद काढला तर आण्णांनी कागदावर हात ठेवला. "मी," म्हणाले. मी विचारलं, "तुम्ही सांगता? मी लिहू?" मान हलवली. रविवारी थोडं झालं आणि सोमवारी उरलेलं. जसं सांगितलं तसं खाली उतरवते. मध्ये मी एकही शब्द घातलेला नाही.

"बाई. तुम्ही. मुक्ता. आनंद. पत्र, पत्र. माझं. सगळं माझं. मला कोण... विचारलं? कोणी नाही. मी होतो. इथं होतो."

बाई, एवढी पत्रं झाली. शब्दाचा अर्थ तुम्हाला विचारला, कागद आनंदकडे मागितला, ओवीताईंना तुम्ही विचारलं. बंद करायचं ठरलं तेव्हा सगळ्यांचं मत पडलं असं मी तुम्हाला लिहिलं होतं. त्या सगळ्यांत आण्णा नव्हते. ते त्याच खोलीत होते.

मुक्ता


शुक्रवार पेठ, ११ डिसेंबर

(मोठ्या अक्षरांत लिहिलंय. कुणी वाचून दाखवू नये.)

श्री. बापूराव थोपटे यांस,
नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं.

तुम्ही रागावलात ते बरोबर आहे. मी तुम्हाला विचारलं नाही. मी माफी मागते.

आता विचारते.

मुक्ता म्हणते, दवाखाना आठवड्यातून दोन दिवस. ओवीने मला लिहिलंय, तीन दिवस. आनंद काय म्हणेल ते मी विचारलेलं नाही.

तुमचं म्हणणं काय?

उत्तर तुम्हीच सांगा. कितीही दिवस लागले तरी चालतील.

कुसुम केतकर